हात हलका, कान जागा: चार्जिंगच्या रोटरी टूलने नाजूक कामं करताना

आजीच्या सागवानी पेटीची बिजागरी खिळखिळी झाली होती. चारपैकी तीन स्क्रू सहज निघाले. चौथ्याची खाच इतकी घासून गेली होती, की स्क्रूड्रायव्हर तिच्यात नुसता गोल फिरायचा. डोकं बिजागरीत पूर्ण बसलेलं, त्यामुळे पकडीत येईना. छिणी-हातोडी घ्यावी तर जुनं लाकूड चिरण्याची भीती. शेवटी चार्जिंगवर चालणारं छोटं रोटरी टूल काढलं, त्याला झिजून लहान झालेली कटिंग डिस्क लावली आणि स्क्रूच्या डोक्यावर नवी खाच पाडली. प्रत्यक्ष कापायला अर्धा मिनिटही लागलं नाही. त्याआधीच्या तयारीला मात्र पंधरा मिनिटं गेली, आणि काम साधलं ते त्या पंधरा मिनिटांमुळे.

हे टूल आता बऱ्याच घरांत दिसतं. हौसेने घेतलं जातं, दोन-चारदा वापरलं जातं, एखादं बिट तुटतं, एखादी वस्तू खराब होते आणि मग ते डब्यात पडून राहतं. दोष सहसा यंत्राचा नसतो. ड्रिल मशीन दाबून चालवायची सवय हाताला असते आणि तोच हात इथे लागतो. रोटरी टूलमध्ये ताकद थोडी आणि वेग प्रचंड असतो. वेगाने काम होऊ द्यायचं, आपण फक्त टोक योग्य जागी धरून ठेवायचं. ही एक गोष्ट हातात मुरली की बाकीचं आपोआप जमत जातं.

कोणतं टूल घ्यावं

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन या गावी अल्बर्ट ड्रेमेल यांनी १९३२ साली आपली कंपनी सुरू केली. हातात मावणारं वेगवान रोटरी टूल घराघरांत पोचवण्यात तिचा वाटा इतका मोठा, की आज कोणत्याही कंपनीच्या अशा यंत्राला लोक सर्रास ‘ड्रेमेल’ म्हणतात. आपल्याकडचे सोनार हेच काम वर टांगलेल्या मोटरने आणि तिला जोडलेल्या लवचिक दांड्याने पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत.

कॉर्डलेस टूल ढोबळमानाने दोन प्रकारांत मिळतं. साधारण ४ व्होल्टचं, पाव किलोच्या आसपास वजनाचं, मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होणारं. आणि ८ ते १२ व्होल्टचं, अर्धा किलो किंवा त्याहून थोडं जास्त भरणारं. कोरीवकाम, पॉलिश, लहान भोकं, लाकडाची बारीक घासाई यांना पहिलं पुरतं. लोखंड कापायचं, टाइलला भोक पाडायचं, सलग अर्धा तास काम करायचं, तर दुसरं घ्या. निवड करताना दोनच गोष्टी नीट पाहा: वेग कमी-जास्त करता येतो का, आणि टूल पेनसारखं धरलं की मनगटाला भार होतो का. दुकानात दोन मिनिटं धरून उभे राहा, उत्तर लगेच मिळेल.

वायरवालं टूल जास्त ताकदीचं असतं, हे खरं. पण नाजूक कामात वायर हाताला मागे ओढते आणि ती ओढ थेट टोकापर्यंत पोचते. शिवाय छोट्या कॉर्डलेस टूलचा एक गुण शिकणाऱ्याच्या फार उपयोगाचा आहे. जास्त दाबलं की त्याची मोटर लगेच मंदावते. तुम्ही चुकताय हे ते त्याच क्षणी सांगतं.

बिट बसवण्यात घाई नको

बिटची दांडी ज्या लहानशा चिरलेल्या नळीत पकडली जाते, तिला कॉलेट म्हणतात. रोटरी टूलची बहुतेक बिटं ३.२ किंवा २.४ मिलिमीटर दांडीची असतात. स्वस्त सेटमध्ये ३ मिलिमीटरचीही निघतात. दांडीच्या मापाचाच कॉलेट लावा. सैल कॉलेटमध्ये बिट डगमगतं आणि डगमगणाऱ्या बिटने सरळ रेघ कधीच येत नाही.

दांडी कॉलेटमध्ये पूर्ण आत घाला, मग एक-दोन मिलिमीटर बाहेर ओढा आणि नट आवळा. बिट जितकं कमी बाहेर, तितकं ते स्थिर राहतं. लांब काढलेली बारीक दांडी पूर्ण वेगात वाकते. बिट न घालता रिकामा नट घट्ट आवळू नका, कॉलेट कायमचा चेपतो. लॉकचं बटण मोटर पूर्ण थांबल्यावरच दाबा. नवं बिट किंवा नवी डिस्क लावली, की तोंडापासून लांब धरून आधी कमी वेगात, मग कामाच्या वेगात, असं मिनिटभर रिकामं फिरवा. थरथर जाणवली तर काढून पुन्हा बसवा.

वेगाचा हिशोब

टूलवरचा आकडा मिनिटाला किती फेरे होतात ते सांगतो. वस्तूला जे लागतं ते मात्र बिटच्या कडेचं धावणं. समजा, आकडा २५,००० वर आहे. दीड मिलिमीटर व्यासाच्या बारीक बिटची कड तेव्हा ताशी सुमारे ७ किलोमीटरने जाते, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतकी. त्याच आकड्याला ३२ मिलिमीटरच्या कटिंग डिस्कची कड ताशी १५० किलोमीटरने धावत असते. यंत्र तेच, बटण तेच. म्हणून बारीक बिटला जास्त वेग चालतो आणि मोठ्या चाकाला तोच वेग घातक ठरतो. प्रत्येक डिस्कवर किंवा तिच्या पाकिटावर कमाल वेग छापलेला असतो. तो वाचल्याशिवाय डिस्क लावू नका.

सुरुवातीसाठी हे आकडे लक्षात ठेवा. प्लास्टिक आणि ॲक्रिलिकला ५,००० ते १०,०००, कारण त्यापुढे ते कापलं न जाता वितळतं आणि बिटला चिकटतं. टाइल आणि काचेत भोक पाडायलाही तेवढंच. तारेचा ब्रश आणि पॉलिशचं नमद्याचं चाक १५,००० च्या वर कधीच नको. जास्त वेगात ब्रशच्या तारा सुटून सुईसारख्या उडतात. लाकूड कोरायला १५,००० ते २५,००० चालतं. जळका वास आला, तर वेग तरी जास्त आहे किंवा बिट एकाच जागी रेंगाळतंय.

धरायचं कसं, सरकवायचं कुठे

दंतवैद्य ड्रिल हातात घेतात तेव्हा त्यांचं एक बोट शेजारच्या दातावर टेकलेलं असतं. तोंड हललं तरी हातही बरोबर हलतो आणि टोक जागा सोडत नाही. आपणही तेच करायचं. टूल पेनसारखं धरा, करंगळी किंवा अनामिका वस्तूवर टेकवा, दोन्ही कोपरं टेबलावर ठेवा. अधांतरी हाताने नाजूक काम होत नाही, कितीही सराव असला तरी.

वस्तू मात्र दुसऱ्या हातात धरून काम करू नका. लहान शिकंजा, क्लॅम्प किंवा निदान खाली रबरी चटई वापरा. डब्याच्या झाकणाएवढी छोटी वस्तू असेल तर ती दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लाकडाच्या फळीवर चिकटवा आणि फळी क्लॅम्प करा.

दिशाही महत्त्वाची. मागून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं. टूल उभं धरलंय, वस्तू समोर आहे आणि तिच्या अलीकडच्या कडेवर काम चाललंय असं समजा. अशा वेळी टूल डावीकडून उजवीकडे न्या. बिट तुमच्या सरकण्याविरुद्ध कापत येतं आणि ताब्यात राहतं. उलट दिशेला नेलं तर ते कडेवरून स्वतःच पळत सुटतं. नवशिक्यांच्या हातून पडणारे ओरखडे बहुतेक इथेच पडतात.

आणि कान उघडे ठेवा. रिकाम्या टूलचा आवाज आधी नीट ऐका, तो बारीक, एकसुरी असतो. कामाला लागल्यावर तो थोडासाच खाली यायला हवा. घरघर सुरू झाली म्हणजे दाब जास्त झाला. अशा वेळी टूल उचला, मोटरला पुन्हा वेग घेऊ द्या आणि पुन्हा हलकेच टेकवा. एका दमात खोल जाण्यापेक्षा त्याच रेघेवरून पाच-सहा वेळा हलके हात फिरवा. रेघ सरळ येते, बिट टिकतं, वस्तू तापत नाही.

कशाला कोणतं बिट

लाकडाला धारदार दातांचं स्टीलचं किंवा कार्बाइडचं बिट लावा. काच, टाइल, दगड, शिंपले यांना हिऱ्याची पूड चढवलेलं, म्हणजे डायमंड बिट. स्टील कोरायला कार्बाइड. लोखंडाची बर, म्हणजे कापल्यावर कडेला राहिलेली खरखर, काढायला किंवा धार लावायला तपकिरी-गुलाबी घासदगड. ॲल्युमिनियम आणि तांब्यासारख्या मऊ धातूंवर घासदगड वापरू नका. धातू दगडाच्या छिद्रांत भरून बसतो, दगड तापतो आणि फुटूही शकतो. तिथे दातेरी कटर वापरा आणि अधूनमधून त्याला मेण लावा.

कटिंग डिस्क दोन प्रकारच्या मिळतात. साधी पातळ तपकिरी डिस्क किंचित तिरकी झाली तरी तडकन तुटते. जाळी घातलेली, म्हणजे फायबरची डिस्क थोडी जाड असते पण चूक सांभाळून घेते. शिकताना तीच वापरा. डिस्क सरळ आत न्यायची, सरळ बाहेर काढायची. तिच्या सपाट बाजूने कधीही घासू नका, आणि तिच्या फिरण्याच्या रेषेत आपला चेहरा ठेवू नका.

टाइलला किंवा काचेला भोक पाडायचं असेल तर आधी जागेवर चिकटपट्टी लावा. डायमंड बिट तिरकं टेकवून छोटी खाच पाडा, मग हळूहळू उभं करा. भोकाभोवती कणकेचा लहान गोल बांध घाला आणि त्यात चमचाभर पाणी ओता. काच थंड राहते, धूळही उडत नाही. टूलला वायर नाही म्हणून विजेचा धक्का बसण्याची भीती टळते, पण ते पाण्यात चालणारं यंत्र नव्हे. हवेच्या छिद्रांपर्यंत पाणी पोचू देऊ नका. शेवटचा अर्धा मिलिमीटर राहिला की दाब आणखी कमी करा, कारण काच बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूने तडकते. दाराची किंवा गाडीची टफन्ड काच मात्र हातात घेऊच नका. तिला भोक पडत नाही, तिचे तुकडेच होतात.

पहिलं काम: करवंटी

सरावाला करवंटीइतकी चांगली वस्तू नाही. फुकट मिळते, बिघडली तर हळहळ वाटत नाही, आणि ती लाकडापेक्षा कठीण असल्यामुळे हलका हात आपोआप शिकवते. कोकणात आणि गोव्यात तिचे डाव, वाट्या, दागिने बनवणारे कारागीर आहेत. तुम्ही एका वाटीपासून सुरुवात करा.

खोबरं काढून करवंटी चांगली वाळवा. बाहेरची शेंडी आधी सुरीने आणि काचेच्या तुकड्याने खरवडून काढा. हे काम यंत्राला देऊ नका, तिचे तंतू बिटभोवती गुंडाळले जातात. मग लहान सँडिंग ड्रमवर ६० नंबरची नळी चढवून १५,००० च्या आसपास फिरवा. ड्रम सतत हलता ठेवा. एका जागी थांबला तर तिथे खळगा पडतो आणि तो काढायला सगळी करवंटी पातळ करावी लागते. उंचवटे गेले की १२० नंबरची नळी लावा. आता करवंटीचा खरा गडद रंग आणि त्यातल्या बारीक रेषा दिसू लागतात.

इथे टूल बंद करा. पुढचं २२० आणि ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हातानेच घासा. शेवटचा तुळतुळीतपणा बोटांना कळतो, मोटरला कळत नाही. मग कापडाच्या बोळ्याने खोबरेल तेल चोळा आणि रात्रभर ठेवा. सकाळी ती वाटी हातात घेतल्यावर टूलचा अंदाज दहा पटींनी वाढलेला असेल.

भांड्यावर नाव

आपल्या घरांतल्या स्टीलच्या भांड्यांवर आजी-आजोबांची नावं, लग्नाच्या तारखा कोरलेल्या असतात. भांड्यांच्या दुकानात नाव घालून देणारं यंत्र टोक आपटत ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षर काढतं. रोटरी टूल फिरतं, म्हणून त्याची रेघ सलग येते आणि म्हणूनच ती घसरतेही लवकर.

भांड्यावर कागदी चिकटपट्टी लावून त्यावर पेन्सिलीने नाव लिहा. एक मिलिमीटरच्या आतलं गोल कार्बाइड टोक घ्या. वेग मध्यम ठेवा आणि टूल लिहिताना पेन धरतो तसं तिरकं धरा. देवनागरीची वळणं इथे परीक्षा घेतात. ‘ठ’ किंवा ‘ळ’ एका झटक्यात काढायला गेलं की टोक वळणावर बाहेर पळतं. म्हणून प्रत्येक वळण दोन-तीन छोट्या तुकड्यांत काढा आणि शक्यतो स्वतःकडे ओढत या. हात पोचत नसेल तर मनगट वाकवू नका, भांडं फिरवा. सगळी अक्षरं झाल्यावर शिरोरेषा शेवटी ओढा. लिहिताना हातून झालेला किंचित उंच-सखलपणा तिने झाकला जातो. जुन्या निकामी डब्याच्या तळावर आधी तीनदा तेच नाव कोरून पाहा, मगच खऱ्या भांड्याला हात लावा.

डोळे, श्वास, केस

बाजूनेही बंद असलेला चष्मा घातल्याशिवाय टूल सुरू करू नका. रोजचा चष्मा पुरत नाही, उडालेला कण बाजूने आत जातो. टाइल आणि दगडाच्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात साचते आणि पुन्हा बाहेर निघत नाही. करवंटीची आणि एमडीएफची धूळही अतिशय बारीक असते. एन-९५ मास्क लावा, जमेल तिथे ओलं काम करा आणि नंतर झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, तो कापू नका. फार जुना रंग यंत्राने खरवडू नका, त्यात शिसं असू शकतं.

मोकळे केस, ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी, मंगळसूत्र यांतलं काहीही फिरत्या टोकाजवळ येऊ देऊ नका. कापडी हातमोजेही नकोत, धागा अडकला की बोट ओढलं जातं. ठिणग्या उडणार असतील तर लाकडाचा भुसा आधी झाडून टाका, जवळ थिनरची बाटली ठेवू नका. बिट बदलताना टूल बंद करून ठेवा आणि बॅटरी निघत असेल तर काढा. टूलला वायर नसल्यामुळे ‘प्लग काढलाय’ ही सुरक्षितता इथे मिळत नाही. बटणाला चुकून धक्का लागला तरी ते सुरू होतं.

बॅटरी

सलग काम करून टूल गरम झालं असेल तर लगेच चार्जिंगला लावू नका, अर्धा तास थंड होऊ द्या. महिनाभर वापर होणार नसेल तर बॅटरी निम्मी भरून ठेवा. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवली तर तिचं आयुष्य घटतं. उन्हाळ्यात बंद गाडीत टूल विसरू नका. हवेची छिद्रं मऊ ब्रशने नेहमी साफ करा. बॅटरी संपल्यावर ती घंटागाडीत टाकू नका. ‘बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२’ प्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदाराकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

कुठे थांबायचं

मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढतात तेव्हा कारागीर घोडीवर कानशीने किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा घासतो. केसभर जास्त घासलं तर सूर जातो. तिथे वेगवान यंत्राला जागा नाही. देव्हाऱ्यातल्या पिढीजात पितळी मूर्तीवर, जुन्या नाण्यांवरही पॉलिशचं चाक फिरवू नका. मूर्तीचे झिजत आलेले नाक-डोळे आणखी पुसले जातात, नाण्याचं मोल जातं. जे पुन्हा घडवता येत नाही, त्याला आधी हाताने काय करता येतं ते पाहावं.

आता त्या पेटीच्या स्क्रूकडे येऊ. नवी २४ मिलिमीटरची डिस्क मी मुद्दाम वापरली नाही. तिने एक मिलिमीटर खोल खाच पाडली असती तर ती साडेनऊ मिलिमीटर लांब झाली असती, आणि स्क्रूचं डोकं होतं आठ मिलिमीटरचं. म्हणजे दोन्ही बाजूंनी पितळी बिजागरी कापली गेली असती. झिजून पंधरा मिलिमीटरवर आलेल्या डिस्कची खाच साडेसात मिलिमीटरमध्ये बसते. बिजागरी पेटीच्या कडेला असल्यामुळे टूलचं अंग बाहेर ठेवून डिस्क उभी धरता आली. भोवती चिकटपट्टी, लाकडावर ओलं फडकं, करंगळी पेटीवर टेकलेली. चार वेळा हलकेच टेकवून उचललं. स्क्रू निवू दिला. मग स्क्रूड्रायव्हर दाबून आधी किंचित आवळला, जुना गंज सुटल्याचा बारीक ‘कट्’ असा आवाज आला आणि स्क्रू उलटा फिरू लागला.

तेव्हापासून झिजलेल्या डिस्क मी फेकत नाही, मापाप्रमाणे एका डबीत ठेवतो. तुम्हीही एक डबी करा.